पंचायत समितीचा शिक्षण विभाग: पाचपैकी दोन तारे

निवृत्तीचा प्रस्ताव घेऊन पंचायत समितीत जाणाऱ्या गुरुजी-बाईंसाठी लिहितोय. तालुका बालाघाटच्या डोंगरातला. नाव देत नाही.

दोन्ही तारे पेन्शनचं टेबल सांभाळणाऱ्या लिपिकांना. फाइलचं पान न् पान तपासतात, काय कमी आहे ते तोंडावर सांगतात. माझ्या सेवापुस्तकात १ जुलैच्या वेतनवाढीच्या नोंदी त्यांनी बोट ठेवून दाखवल्या. आकडे बरोबर, पण सहीचा रकाना ओळीनं कोरा. सह्या करणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचं, म्हणजे विभागाच्या प्रमुखांचं पद रिकामं, चार्ज त्यांच्या हाताखालच्या विस्तार अधिकाऱ्यांकडं, आणि त्यांच्याच गळ्यात शेजारचा तालुका. "गुरुजी, साहेब आज तिकडं हायेत. सोमवारी बघा." सोमवारी जिल्हा परिषदेत मीटिंग.

फाइल रखडली, ते मी सोसलं. खरा जीव तुटतो तो पुढच्या साखळीनं. विस्तार अधिकारी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसले की त्यांचं स्वतःचं काम काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांकडं जातं आणि केंद्रप्रमुखांचं एखाद्या शिक्षकाकडं. दोनशिक्षकी शाळेतला तो शिक्षक माहिती भरायला तालुक्याला निघाला की पहिली ते चौथी एकट्या बाईंच्या अंगावर. त्या दिवशी पहिलीच्या लेकरानं पाटीवर काय गिरवलं, हे बघायला कुणी नसतं.

सरकारकडं पैसा नसतो तेव्हा काय होतं, हे आम्ही भोगलंय. कोरोनात मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत झाला. आम्हा वर्ग तीनच्या कर्मचाऱ्यांना आधी ७५ टक्के. कुरकुर केली नाही. ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं विभागांना ३३ टक्केच निधी दिला आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरती थांबवली. साथीत तेही पटलं. पण पैसा कमी असताना तर सही करणारा, हिशेब बघणारा अधिकारी आधी जागेवर पाहिजे. मुदतीत खर्च न झालेला निधी परत जातो, मग पद रिकामं ठेवून केलेली एका पगाराची बचत कुठं राहिली? ही पदं आधी भरा, कायमची भरा.

जाण्याआधी लिपिकांना फोन करा. नोंदींवरच्या सह्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घेऊन टाका. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची दुसरी प्रत, घरी ठेवा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. चार्ज दुसऱ्याकडं गेला की तेवढीच पोच दाखवता येते.