फेसपेंटची डबी पालथी करून बघा

डिसेंबर-जानेवारीत परभणी, सेलू, जिंतूरकडच्या शाळांची स्नेहसंमेलनं एकापाठोपाठ येतात. पोतराज, वासुदेव, मळवट भरलेल्या आराधिणी, आणि हल्ली हमखास एक जंगलाचा नाच: वाघ, मोर, माकडं. ही रंगभूषा मी करते, पोट त्यावरच आहे. रंग घेणाऱ्या सगळ्यांनी, विशेषतः शाळेतल्या बाईंनी आणि गुरुजींनी, हे वाचावं.

छत्रपती संभाजीनगरच्या एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर ‘इम्पोर्टेड’ फेसपेंट निम्म्या भावात देऊ केलं. नमुन्याची डबी अस्सल होती. रंग एकसारखा पसरायचा, ओल्या फडक्याने निघायचा. मग मोठी ऑर्डर, पैसे आगाऊ, तेही कुणाच्या तरी खाजगी यूपीआयवर. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, “ताई, जीएसटी काऊन भरता उगाच?”

माल आला कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. उशीर मुद्दाम केलेला असतो. हंगामाच्या घाईत कोण तपासत बसतंय! पण लेकरांच्या तोंडाला लावण्याआधी नवा रंग मी मनगटावर लावते. डब्या नमुन्यासारख्याच, आतून मात्र अमोनियाचा वास. रंग वाळला, मूठ वळली तसे तडे गेले. ओल्या फडक्याला दाद देईना. नखाने कड उचलली तर प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखी अख्खी साल निघून आली. चित्रकलेचा ॲक्रिलिक रंग होता तो, डब्यांत भरलेला. गुलाबीचा डाग तर साबणालाही हटेना.

दुसऱ्या दिवशी पोतराजाला हळद-कुंकू, वाघाला उरलेली पॅनस्टिक (रंगभूषेची कांडी) आणि काजळाचे पट्टे, असं भागवलं. नांदेडच्या एका मैत्रिणीने मात्र त्याच माणसाचा माल पोरांना लावला होता. वाघ झालेल्या लेकरांचे गाल लालबुंद, आणि रंग निघेना म्हणून कुणीतरी रॉकेलचा बोळा फिरवला. असं काही झालं तर रॉकेल, थिनर, स्पिरिट अजिबात नको. खोबरेल तेल चोळून थांबायचं, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. डोळ्याजवळ असेल तर सरळ डॉक्टर.

गावातले म्हातारे तमासगीर मला हसतात: “आम्ही जन्मभर मुरदाडशिंग लावलं, काय झालं?” मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड, विषारी. काय झालं ते कुणी मोजलंच नाही.

त्या रात्री सगळ्या डब्या पालथ्या करून पाहिल्या. लाल, काळा, हिरवा, सगळ्यांवर एकच बॅच नंबर; खरं तर प्रत्येक रंगाची बॅच वेगळी असते. मुदतीच्या तारखेवर नवा स्टिकर. आयातदाराचं नाव-पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. ‘कॉस्मेटिक्स रूल्स, 2020’ प्रमाणे बाहेरून आलेल्या सौंदर्यप्रसाधनावर हे दोन्ही लागतं. इथे बनलेल्या मालावर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक. ‘नॉन-टॉक्सिक’ एवढ्या एका शब्दावर तर मुळीच जाऊ नका, तो शाळेच्या रंगपेटीवरही असतो. चित्र काढायला निर्धोक असलेला रंग कातडीसाठी बनवलेला असतोच असं नाही.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: “काही पोरांची कातडीच नाजूक असती. आन् पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठाय?” मग दुसरं: तुम्ही धंद्यासाठी माल घेतला, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून बऱ्याच जणी गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेला माल ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. शिवाय तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, त्यासाठी संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्कही नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली, अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा अर्ज दिला. तिथे उपयोगी पडले ते व्हॉट्सॲपवरचे मेसेज, यूपीआयची पावती आणि न फोडलेल्या डब्या. म्हणून रागाच्या भरात असा माल उकिरड्यावर फेकू नका.

प्रकरण अजून चालू आहे. विक्रेत्याचा जुना नंबर बंद लागतो. नव्या नंबरावरून, नव्या नावाने तोच कॅटलॉग शाळांच्या ग्रुपांवर फिरायला लागलाय; भाव निम्मा, आणि डब्यांचे फोटो फक्त वरच्या बाजूने काढलेले.