बांधावरचा गट की शेतकरी कंपनी?

बेळगाव-खानापूर भागातले दोन-तीन एकरवाले शेतकरी एकत्र बसले की पहिल्याच बैठकीत विषय निघतो: नुसता गट करायचा, की थेट शेतकऱ्यांच्याच मालकीची उत्पादक कंपनी नोंदवायची? माझं मत आधीच सांगतो. निदान दोन हंगाम बांधावर भेटा, मग कंपनीचं बघा.

कारण शिकणं होतं ते बांधावर. भात पिवळं पडलं की आपण मोबाईलवर पानाचा फोटो टाकतो आणि दहा जण दहा औषधं सांगतात. रस शोषणारे तुडतुडे हे किडे मात्र बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसलेले असतात. वाकून चूड, म्हणजे रोपांचा झुबका, दोन हातांनी फाकवली तरच दिसतात. शेजाऱ्याच्या शेतात हे एकदा पाहिलं की माणूस उगाच फवारत नाही. बियाण्याचंही तेच. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी ओतलं की पोचट दाणे वर येतात. ते काढायचे, तळाचं बी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. एकाच्या अंगणात सगळ्यांनी मिळून केलं की हे घरोघरी पोचतं. पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबून, रोप लावणाऱ्या गावांना यात नवं काही नाही, आणि खर्च फक्त चहाचा.

गट कमी पडतो तो विक्रीत. रताळ्याची पोती मार्केटात उतरली की जो तो एकटा. भावासाठी एकजूट लागते, म्हणून तर निपाणीचे तंबाखू शेतकरी 1981 साली महामार्गावर बसले होते. कंपनी असली की सगळ्यांचा माल एका नावानं, एका बिलावर जातो. 10 उत्पादकांनाही ती नोंदवता येते, आणि मत सभासदाला एकच. पण 2020 च्या केंद्रीय योजनेत मदतीसाठी सपाट भागात किमान 300 सभासदांची अट ठेवली होती. शिवाय वार्षिक सभा, ऑडिट. सीएची फी माल विकला नाही तरी द्यावीच लागते.

आपल्याकडे कागद कन्नडमध्ये येतो. मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या माणसांची तिथं अडचण होते. म्हणून कन्नड वाचणारा एक जण पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. शेजारचा कन्नड शेतकरीच आला तर फार चांगलं. करपा रोग त्याच्याही भातावर तोच पडतो.

येत्या हंगामात खत-बियाणं एकत्र आणा, हिशेब वहीत लिहून सगळ्यांसमोर वाचा. वहीवरून भांडण झालं नाही आणि एकाच जातीचा ट्रकभर माल निघाला, तर खुशाल कंपनी नोंदवा.