पाखरं हाकायचा लेझर : दोन पिकांनंतर

'हा किडे पण जाळतो का हो?' बघायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. नाही जाळत. लेझरने डास टिपायचं प्रात्यक्षिक मायक्रोसॉफ्टचे माजी तंत्रज्ञान प्रमुख नेथन मिअरव्होल्ड यांनी २०१० साली टेड या व्याख्यानमालेच्या मंचावर दाखवलं होतं, ते निराळं. माझा हिरवा लेझर पाखरं हुसकावतो, बस्स. आधी ज्वारीवर, मग सूर्यफुलावर, असा सहा महिने लावला.

भोरड्यांवर, म्हणजे थव्याने उतरणाऱ्या गुलाबी मैनांवर, पहिल्याच पहाटे गुण आला. तांबडं फुटायच्या वेळी ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा तो हिरवा ठिपका कणसांवरून सरकत आला, की काहीतरी अंगावर येतंय असं वाटून सगळा थवा भर्रकन उठायचा. ना फटाके, ना डबे बडवणं. तिन्हीसांजेलाही तसंच.

ऊन वर आलं की मात्र खेळ खलास. ठिपका मलाच दिसेना, तर पाखरांना काय दिसणार? पोपट नेमके दहानंतर यायचे आणि फुलाला उलटे लटकून निवांत बिया सोलायचे. दुपारी गोफण हातात घ्यावीच लागली. राखण सुटेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

दुसरी चूक माझीच. ठिपक्याची फिरायची वाट एकदा ठरवून दिली आणि विसरलो. तिसऱ्या आठवड्यात भोरड्या तो जवळ येईपर्यंत बसून राहायच्या, मग दोन ओळी पलीकडे जाऊन परत कणसावर. आता वाट रोज बदलतो, लेझरच्या तिवईची जागाही हलवतो.

विकणाऱ्याने 'किरणाकडे बघू नका' एवढंच सांगितलं होतं. एका पहाटे पंपाच्या खोलीच्या नव्या कोऱ्या पत्र्यावरून किरण उलटला आणि माझ्या डोक्याशेजारच्या भिंतीवर हिरवा डाग थरथरला. वीतभर इकडे असता तर थेट डोळ्यात. त्याच दिवशी पत्र्याला काळा रंग दिला, तेवढा कोपरा फिरण्यातून वगळला. किरण पिकाच्या वर जाऊ द्यायचा नाही. वर विमानं असतात, पलीकडे रस्ता. काचेवर दव बसतं, ते पुसल्याशिवाय चालू करत नाही.

शेजाऱ्याची तक्रार वेगळीच: माझ्याकडून उठलेला थवा त्याच्या रानात उतरतो. खोटं नाही. सध्या एक दिवसाआड लेझर त्याच्या बांधावर असतो.