नवे ब्रेक शू, जुन्या स्प्रिंगा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ड्रम ब्रेकच्या शूंचा (फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानदार पट्ट्यांचा) हा संच मी ट्रकला पहिल्यांदा बसवला त्याला आठ महिने झाले. चार महिन्यांपूर्वी लिहायला बसलो असतो, तर हे शू घेऊ नका, एवढेच सांगून थांबलो असतो. आज माझे मत वेगळे आहे.

या संचात स्प्रिंगा येत नाहीत, त्यांचा संच वेगळा घ्यावा लागतो. जुन्या स्प्रिंगा तुटलेल्या नव्हत्या, चढवताना हाताला चांगला जोर लागत होता, म्हणून पैसे वाचवण्यासाठी मी त्याच पुसून परत बसवल्या. बाकीच्या कामात कसूर ठेवली नव्हती. धूळ हवेने न उडवता ब्रेक क्लीनरने ओली करून पुसली, कारण जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. बॅकप्लेटवर, म्हणजे शूंमागच्या स्थिर पत्र्यावर, शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांना उष्णतेत टिकणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला, आखूड लायनिंगचा शू पुढच्या बाजूला आणि लांब लायनिंगचा मागच्या बाजूला बसवला, आणि ड्रमचा आतला व्यास त्यावरच उमटवलेल्या कमाल मर्यादेत असल्याची मोजून खात्री केली.

तीन महिने ब्रेक उत्तम लागले. चौथ्या महिन्यात, फारसे ब्रेक न लावता सपाट रस्त्याने आल्यावरही, डाव्या मागच्या चाकापाशी जळका वास येऊ लागला. उजव्या ड्रमजवळ हात धरता येत होता, डाव्याची धग मात्र वीतभर अंतरावरून जाणवत होती. ड्रम काढला तेव्हा डाव्या चाकाच्या पुढच्या शूचे लायनिंग निम्म्याहून अधिक झिजलेले दिसले, तर उजवीकडचे जवळजवळ नवेच होते. लायनिंगचा माल निकृष्ट आहे, असे गृहीत धरून मी विक्रेत्याकडे बदली संच मागितला. स्प्रिंगा बदलल्या होत्या का, हा त्यांचा पहिला प्रश्न मला पळवाट वाटला आणि त्यावरून आमचा दोन आठवडे वाद चालला. त्यांनी बदली संच दिला नाही.

त्या रागातच, त्यांना खोटे पाडण्यासाठी, मी दोन्ही बाजूंच्या जुन्या स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी ठेवल्या. शूला मागे ओढणाऱ्या स्प्रिंगेचे वेढे मोकळ्या अवस्थेत एकमेकांना चिकटलेले असायला हवेत. डावीकडच्या पुढच्या शूची स्प्रिंग उजेडासमोर धरली, तर मधल्या पाच-सहा वेढ्यांमधून पलीकडचा प्रकाश दिसत होता आणि तेवढ्याच भागातला रंग जळून पोलादावर निळसर झाक आली होती. पेडल सोडल्यावर शूला अँकर पिनेपर्यंत, म्हणजे तो टेकतो त्या स्थिर खुंटीपर्यंत, परत आणण्याचे काम या स्प्रिंगेचे असते. ती सैल पडल्याने शू ड्रमला टेकलेलाच राहत होता, त्या घर्षणाने ड्रम तापत होता आणि त्या उष्णतेने स्प्रिंग आणखी सैल होत होती. शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर कोरडा होता, म्हणजे गळत नव्हता, हँडब्रेकची केबलही मोकळी सुटत होती, त्यामुळे दोष दुसरीकडे शोधायला जागा उरली नाही. विक्रेत्याचे म्हणणे बरोबर होते आणि तसे मी त्यांना कळवले.

त्यानंतर मी त्याच कंपनीचे शू पुन्हा घेतले आणि या वेळी दोन्ही चाकांना स्प्रिंगांचा पूर्ण संच बसवला. उजवीकडच्या स्प्रिंगा ठीक दिसत असूनही बदलल्या, कारण एकाच अ‍ॅक्सलच्या दोन चाकांवर वेगवेगळा ताण मला नको होता. स्प्रिंगांची गुणवत्ता चांगली आहे, पण खोक्यात आकृतीचा कागद नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. पुढच्या आणि मागच्या शूच्या स्प्रिंगा दिसायला सारख्या आणि रंगाने निराळ्या आहेत, परंतु कोणता रंग कुठे हे कुठेही छापलेले नाही. एका वेळी एकच चाक उघडण्याची सवय असल्याने दुसऱ्या चाकाकडे पाहून जुन्या रंगांशी जुळवता आले. दोन्ही चाके एकदम उघडणाऱ्याने काय करावे? शू आणि ड्रममधले अंतर जुळवणाऱ्या डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटेही उलट असतात, आणि ते अदलाबदल झाले तर ब्रेक आपोआप जवळ येण्याऐवजी सैल होत जातात. इतक्या जोखमीच्या कामासाठी एक छापील कागद देणे कंपनीला अवघड नाही.

शू बॅकप्लेटला दाबून धरणारी छोटी स्प्रिंग बसवताना सर्वाधिक वेळ गेला. मागून बोटाने पिन धरायची, पुढून वाटी दाबून पाव वळसा फिरवायची, आणि नवी स्प्रिंग इतकी ताठ की पहिल्या चाकाला वाटी चार वेळा उडाली. डोळ्यांवर चष्मा लावूनच हे काम करावे.

ड्रम किंचित घासत बसेल इतका अ‍ॅडजस्टर फिरवला आणि मोकळ्या जागेत ट्रक मागे घेत काही वेळा ब्रेक लावले, कारण या रचनेत अ‍ॅडजस्टर मागे जातानाच्या ब्रेकवर फिरतो. चार महिन्यांनी गेल्या आठवड्यात ड्रम पुन्हा काढले. दोन्ही बाजूंची झीज डोळ्यांना सारखी दिसते, वास नाही, पेडलही उंचावरच लागते. शूंबद्दल आता माझी काहीही तक्रार नाही. स्प्रिंगांच्या खोक्यात आकृती टाकावी, असे मी कंपनीला कळवले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे.