रत्नागिरी पासिंगची जुनी गाडी आणि गंज : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात मी २०१४ सालची, एमएच ०८ पासिंगची पेट्रोल हॅचबॅक पुण्यातल्या एका एजंटाकडून २ लाख १० हजारांना घेतली. वारजे ते हिंजवडी अशी रोजची ये-जा आणि मधूनमधून कोकणातल्या फेऱ्या धरून ती आतापर्यंत साधारण १० हजार किलोमीटर चालली आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि एसी यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, त्यामुळे त्यांच्यावर इथे जागा घालवत नाही. लिहायचे आहे ते पत्र्याविषयी, कारण गाडी घेताना मी गंज पाहिला होता, चांगला तासभर पाहिला होता, पण पाहिला तो चुकीच्या जागी.

पासिंग वाचून मी सावध झालो होतो हे खरे. पुण्यात वर्षाला जेमतेम ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो. पण खरा फरक पावसाचा नसून खाऱ्या हवेचा आहे. पत्र्यावर बसलेला मिठाचा अंश हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि म्हणून किनाऱ्यावर उभी असलेली गाडी पाऊस नसतानाही आतून गंजत राहते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेला पूरही डोक्यात होता, त्यामुळे मी कार्पेट उचलून, सीटच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढून आणि सीटखालचे बोल्ट पाहून गाडी पुरात बुडाली नव्हती याची खात्री करून घेतली. तेवढी एक तपासणी माझी बरोबर ठरली.

बाकीच्या तपासणीत मी नको त्या गोष्टींना घाबरलो. सायलेन्सर तांबडा दिसला, ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर होता, आणि ते दाखवून मी पाच हजार रुपये कमी करून घेतले. प्रत्यक्षात डिस्कवरचा तो थर एका रात्रीच्या दवाने येतो आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबले की जातो. सायलेन्सरवरचा वरवरचा गंज तर बहुतेक जुन्या गाड्यांवर असतोच. मी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दरवाजे, फेंडर आणि बॉनेट यांवरून फिरवले, कारण माझ्या मनात अपघाताची शंका होती आणि खड्डा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर तिथे चुंबक नीट चिकटत नाही. दरवाजांच्या खालच्या सिलवर, म्हणजे तिथल्या पत्र्याच्या पोकळ पट्टीवर, मात्र ते लावले नाही. त्यासाठी जमिनीवर बसावे लागले असते आणि त्या दिवशी मी ऑफिसचे कपडे घालून गेलो होतो, यापेक्षा मोठे कारण माझ्याजवळ नाही.

एजंट म्हणाला, “साहेब, खालून सगळं अँटी-रस्ट मारून दिलंय.” वाकून पाहिले तेव्हा तळ खरोखरच काळाकुळकुळीत, एकसारखा दिसत होता, आणि ती जमेची बाजू समजून मी सौदा पक्का केला. विकायला काढलेल्या दहा वर्षांच्या गाडीला नेमके आत्ताच कोटिंग करावेसे का वाटले, हा साधा प्रश्न मला तिथे सुचला नाही.

जुलैमध्ये एका रात्री जोरदार पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी वारज्याच्या पुलाखाली ब्रेक दाबला तेव्हा डाव्या बाजूने पाणी हिंदकळल्यासारखा आवाज आला. आठवडाभरात डाव्या सीटपुढची मॅट ओली राहू लागली आणि गाडीत कुबट वास भरला. नाना पेठेतल्या एका जुन्या डेंटरकडे गाडी नेली. त्यांनी काही न विचारता स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकत नेली. पुढच्या टोकाला टणटण आवाज येत होता, मधोमध तो एकदम बद्द झाला. मग त्यांनी खालच्या कोटिंगमध्ये तार खुपसून बुजलेले भोक मोकळे केले, आणि कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी धार लागून पडू लागले. दोन मिनिटे तरी पडत होते. त्यानंतर स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबले तर ते अर्धा इंच आत गेले. “हा पत्रा नाही साहेब, लांबी आहे,” एवढेच ते बोलले.

सिलच्या पोकळीत शिरलेले पाणी खालच्या बारीक भोकांतून निघून जावे अशी मूळ रचना असते. आधीच गंजलेल्या जागी लांबी भरून वरून जाड काळा थर मारताना ती भोकेच बुजली होती, त्यामुळे गंजाला जपायला जणू हौदच मिळाला. आतला पत्राही दोन ठिकाणी चाळणीसारखा झाला होता. या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते; बॉडीच सगळा भार पेलते आणि सिल हा त्या बॉडीचा आधार असतो. जॅकही तिथेच लागतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे, प्रायमर, सांध्यांना सीलर आणि पोकळीत मेणयुक्त फवारा, असे मिळून साडेतेरा हजार रुपये आणि तीन दिवस गेले. विम्यातून यातले काहीही मिळत नाही, गंज हा झिजेत मोडतो.

आता कोणासोबत जुनी गाडी पाहायला गेलो तर गंज किती आहे यापेक्षा तो कुठे आहे हे मी आधी पाहतो. दरवाजाच्या खालच्या कडेचा गंज खर्चिक असला तरी जिवावरचा नाही. सिल, सस्पेन्शन जिथे बसते ते पत्र्याचे भाग आणि ब्रेकचे पाइप यांत खोल गंज असेल तर किंमत किती का उतरेना, मी ती गाडी सोडून देईन. रंगाखाली फुगा दिसला की वरची खपली लहान म्हणून समाधान मानत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो म्हणून रंग उचलला जातो, आणि पुष्कळदा तो आतून बाहेर आलेला असतो. तळाला ताजे कोटिंग असेल तर ते करण्याआधीचे फोटो मागतो. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी चढवायचे दोन-तीनशे रुपये मी स्वतः देतो, आणि रॅम्पला नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलत नाही.

एवढे होऊनही गाडी मी विकलेली नाही. फ्लोअर आणि पुढच्या शॉकअपच्या वरचे पत्रे घट्ट आहेत, उजवी सिल ठोकून पाहिली तेव्हा टणक निघाली, आणि सप्टेंबरच्या पावसात आत थेंबभरही पाणी आले नाही. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीवर मात्र मसुराएवढा एक फुगा ऑगस्टमध्ये दिसला. त्याच्याभोवती मी पेन्सिलने गोल काढून ठेवला होता. परवा गाडी धुताना पाहिले, खालच्या बाजूने तो रेघेच्या बाहेर आला आहे. डेंटरांनी दिवाळीनंतरचा मंगळवार दिला आहे.