आर्केड मशीनसाठी घेतलेली जिना चढणारी ट्रॉली: काम झालं, पण आवाज!

घरी जुनं आर्केड मशीन (गेम पार्लरमध्ये असायचं ते उभं व्हिडिओ गेमचं मशीन) आणलं, आत काचेची पिक्चर ट्यूब, त्यामुळे वजन सहज सव्वाशे किलो, आणि आमची दादरची बिल्डिंग जुनी, लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक भाजीची पिशवी मावते, म्हणजे जिनाच. आधी ऑनलाइन घडीची ट्रॉली मागवलेली, २०० किलो लिहिलंय म्हणून, पण खालची प्लेट एवढीशी, मशीन टेकवलं तर वाकलीच की! मग नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन हात लावून बघून ही घेतली, दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं असलेली. पायरीवर चाकं आपोआप फिरतात पण ओढायला वर दोघं लागतातच, एकट्याने करायचा विचारपण नको, आणि बरोब्बर खाली कोणाला उभं करू नका. ट्यूबमुळे वजन वरच्या अर्ध्यात असतं, जरा जास्त कललं की हातातून सुटायला बघतं. मशीन बांधायला रॅचेटवाला (खटक्याने आवळता येणारा) पट्टा वेगळा घ्यावा लागला. आधी गोधडी गुंडाळा, नाहीतर साइडच्या चित्रांची वाट लागते (आमची थोडी लागली). सपाट फरशीवर मात्र एवढी खडखडते की खालच्या काकू वर बघायला आल्या. चार स्टार, एक त्या आवाजासाठी कापला.