तिवोली, व्हर्साय की स्टो: आधी कोणती बाग?

इतिहास, वास्तुकला किंवा निसर्गरचना शिकणाऱ्याला युरोपातली एकच बाग आधी सावकाश अभ्यासायची असेल, तर माझ्या मते निवड तिघींत आहे. इटलीत तिवोलीची व्हिला द'एस्ते, फ्रान्समधलं व्हर्साय आणि इंग्लंडमधलं स्टो. शतकं अनुक्रमे सोळावं, सतरावं आणि अठरावं. तिघींना मी तेच तीन प्रश्न विचारते: पाणी कुठून आणलं, पाहणाऱ्याला कुठे उभं केलं आणि कुणाची घरं उठवली.

तिवोलीत पाण्याचं उत्तर सर्वांत देखणं आहे. कार्डिनल इप्पोलितो द'एस्ते १५५० मध्ये इथला गव्हर्नर झाला. पोप होण्याची त्याची धडपड पुन्हा पुन्हा फसली, बागेत मात्र त्याने काही कमी पडू दिलं नाही. वास्तुकार पिर्रो लिगोरिओने डोंगरउतारावर टप्प्याटप्प्यांची बाग आखली, आनिएने नदीचं पाणी शहराच्या खालून आणलं आणि पुढे कारंजी चालवली ती निव्वळ उताराच्या जोरावर. एक कारंजं तर पाण्याच्याच शक्तीने ऑर्गन वाजवतं. जवळच्या सम्राट हेड्रियनच्या उद्ध्वस्त प्रासादातून पुतळेही इथे आले, म्हणजे जुन्या रोमचा वारसा कार्डिनलच्या अंगणात. या बागेसाठी उतारावरची घरं पाडली गेली. पाण्याचं तंत्र शिकायचं असेल तर दुसरीकडे बघूच नका. रोमहून रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं.

व्हर्सायची गोष्ट मात्र व्हर्सायला सुरू होत नाही. अर्थमंत्री निकोला फुके याने वो-ल-विकोंत इथे वाडा आणि बाग उभारली आणि १७ ऑगस्ट १६६१ रोजी चौदाव्या लुईला मेजवानी दिली. तीन आठवड्यांत फुके कैदेत होता. त्याच्या वास्तूवर काम केलेले बागरचनाकार आन्द्रे ल नोत्र, वास्तुकार ल व्हो आणि चित्रकार ल ब्रं हे तिघेही पुढे राजासाठी व्हर्सायला राबले. म्हणून व्हर्साय निवडणाऱ्याने एक दिवस वो-ल-विकोंतसाठी राखून ठेवावाच. तिथे ल नोत्रची युक्ती लहान मापात कळते: दुरून सपाट वाटणारी जमीन चालू लागलं की उलगडते आणि मध्ये आडवा कालवा अचानक समोर येतो.

व्हर्सायला हीच भाषा सत्तेची होते. प्रासादाच्या मधल्या खिडकीतून नजर सरळ अपोलोच्या कारंज्यावर आणि पुढे सुमारे १,६७० मीटर लांबीच्या कालव्यावर जाते. बाग कोणत्या क्रमाने बघावी, कुठे थांबावं, कुठे वळावं, हे राजाने स्वतः लिहून ठेवलं होतं. पाणी मात्र राजाचं ऐकत नव्हतं. सीन नदीवर १४ चाकांचं मार्लीचं अवजड यंत्र १६८४ मध्ये पुरं झालं, ते पाणी दीडशे मीटरहून उंच चढवायचं, तरीही सगळी कारंजी एकाच वेळी चालत नसत. राजा जवळ आला की शिट्टी वाजायची आणि त्या बाजूचं पाणी सोडलं जायचं. उर नदीचं पाणी वळवण्यासाठी हजारो सैनिक कामाला जुंपले, त्यातले कित्येक तापाने मेले आणि युद्ध सुरू झाल्यावर १६८८ मध्ये काम कायमचं बंद पडलं. मॅंतनोंला त्या जलसेतूच्या कमानी आजही अर्धवट उभ्या आहेत. घरांचं विचाराल तर, त्रियानों नावाचं अख्खं गाव विकत घेऊन पाडलं. तिथल्या महालाने नाव तेवढं ठेवलं.

स्टोला पहिल्या नजरेत काही घडत नाही. तळी, गवत, झाडं, अधूनमधून मंदिरं. पण ही बाग सरकारवर रागावलेल्या माणसाची आहे. लॉर्ड कॉबमचं १७३३ मध्ये पंतप्रधान वॉलपोलशी बिनसलं. त्याच सुमारास वास्तुकार विल्यम केंटने इथे प्राचीन सद्गुणांचं गोल, सुबक मंदिर बांधलं आणि त्याच्या शेजारी आधुनिक सद्गुणांचं मंदिर मुद्दाम पडकं उभारलं, आत शीर नसलेला पुतळा. ओढ्यापलीकडे १६ थोर ब्रिटिशांचे अर्धपुतळे आहेत, त्यांत शेक्सपिअर आणि न्यूटनही. सीमेला भिंतीऐवजी खोल चर, त्याला हा-हा म्हणतात. त्यामुळे बाहेरची गुरं आणि कुरणं बागेचाच भाग वाटतात.

एकच निवडायला सांगितलं तर मी स्टो निवडेन. इथे एकाच जमिनीवर बाग कशी असावी याबद्दलचं मत बदलताना दिसतं. चार्ल्स ब्रिजमनने आधी सरळ रेषा आखल्या, अष्टकोनी तळं केलं. पुढे त्याच तळ्याचे कोन घालवले, काठ वळणदार झाले. १७४१ मध्ये मुख्य माळी म्हणून आलेल्या लॅन्सलॉट ब्राउनच्या (टोपणनाव ‘कॅपेबिलिटी’) काळात हातांनी माती उपसून एक खोरं तयार झालं, जे पाहून वाटतं की ते पहिल्यापासून तिथेच होतं. तळ्याचं नाव आजही अष्टकोनीच आहे. नाव आणि आकार यांत पडलेलं हे अंतर दुसऱ्या दोन्ही बागांत इतकं उघड दिसत नाही.

व्यवहारही बघायला हवा. भारतीय पासपोर्टवर तिवोली आणि व्हर्साय एकाच शेंगेन व्हिसात होतात, स्टोसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा आणि वेगळा खर्च. पॅरिसहून व्हर्सायला लोकल जाते, स्टोच्या दारात रेल्वे जात नाही. व्हर्सायची कारंजी हंगामात ठरावीक दिवशीच चालतात, ते दिवस पाहून तिकीट काढा. हिवाळ्यात तिथले बरेच पुतळे झाकलेले असतात, तेव्हा स्टो बरं, कारण झाडं उघडी असताना जमिनीचा चढ-उतार स्पष्ट दिसतो. पहिलाच प्रवास आणि दिवस एकच असेल, तर मात्र व्हर्साय. त्याला आधी फारसं वाचून जावं लागत नाही.

स्टोलाही गाव उठलं. उरलं ते त्याचं चर्च, चहूबाजूंनी झाडं लावून दडवलेलं. ब्राउनचं लग्न तिथेच झालं, १७४४ मध्ये. स्टोला गेलात तर आधी ते चर्च शोधा, मंदिरं नंतर.